नवसाचा बोकड, दारचा शेवगा

तिसगाव
१२ ऑगस्ट १९७२

गोरक्ष,

तुला चिरंजीव लिहावं की दंडवत, ते ठरेना. दोन्ही लिहून खोडलं. मठात तुझं नाव बदललं असं ऐकते. पण त्या नावाच्या माणसाला मी कधी भेटले नाही, म्हणून जुनंच लिहिते.

सात वर्षांनी तुझं कार्ड आलं. चार ओळी. आईला वाचून दाखवल्या. शेवटची वाचणार नव्हते, पण तिथे थांबले आणि थांबल्याचं तिला कळलं. मग तीही वाचली. 'त्या बोकडाचा जीव ज्या दिवशी जाईल त्या दिवसापासून मला आई नाही असे समजावे.' आईनं ऐकलं. कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि कोनाड्यात दिव्यामागे ठेवलं.

बातमी तुला सहादेवानं दिली असणार. बैलांसाठी कडबा बघायला तो पैठणकडे गेला होता. आपल्या या चुलतभावाला दुसऱ्याच्या घरातलं सांगायची हौस पहिल्यापासून आहे, पण अर्धंच सांगतो. उरलेलं मी सांगते.

तू चार वर्षांचा असताना तुला मुदतीचा ताप आला होता. तुला आठवत नसेल. मला आठवतो, कारण तुझ्या अंगावर ठेवलेली ओली पट्टी मी उचलायचे तेव्हा ती गरम असायची. वैद्यांनी औषध बंद केलं. त्या संध्याकाळी आई टेकडीवरच्या पिराला बोलून आली, पोरगं उठलं तर बोकडाची कंदुरी करीन, कापून गावाला जेवू घालीन. तू उठलास. त्यानंतर एका वर्षी पाऊस नव्हता, एका वर्षी माझं लग्न निघालं, मग अण्णा गेले, आणि मग तू मठात जाऊन उपदेश घेतलास. नवस राहत गेला. आई त्याबद्दल बोलायची नाही, पण टेकडीवरून लोबानाचा वास आला की हातातलं काम थांबवायची.

यंदा उन्हाळ्यात आपल्या शेळीला बोकड झाला. आईनं फक्रुद्दीनचाचांना बोलावून त्याच्या कानाला कात्र लावलं आणि पिराच्या नावानं सोडला. कान कातरला की तो बोकड घरचा राहत नाही हे तुला माहीत आहे. विकता येत नाही, बदलता येत नाही, पाहुणा आला म्हणून कापता येत नाही.

पण कंदुरी ती अजून करू शकत नाही. ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं पहिला घास घ्यायचा असतो. त्याच्याआधी कुणी जेवायला बसत नाही. तू नाहीस तर कंदुरी नाही. तू आलास तरी कंदुरी नाही. आईनं स्वतःच घातलेली ही गाठ आहे आणि ती तिला दिसते.

म्हणून म्हणते, एकदा ये. खायला नको येऊस. तिच्यासमोर बस आणि काय ते दोघं ठरवा. माझं ती ऐकत नाही, पत्रातलं तुझंही ऐकणार नाही.

मृग कोरडा गेला. बाजरी वीतभर होऊन वाळली. मी शाळेत जाते, पोरं निम्मी येतात. बाकी ठीक. शेवगा बरा आहे.

अक्का


तिसगाव
८ ऑक्टोबर १९७२

गोरक्ष,

तुझं पत्र मिळालं. बोकड मठाला द्यावा, तिथे तो आपल्या मरणानं मरेल, असं लिहितोस. आई म्हणाली, 'पिराची वस्तू दुसऱ्याला द्यायला मी कोन?' तो विषय तिथेच राहिला. पण पत्राच्या शेवटी तू विचारलंस, शेवग्याला शेंगा येतात का. ती ओळ तिनं मला पुन्हा वाचायला लावली. मग तिसऱ्यांदा. मग म्हणाली, त्याला लिही, येत्यात.

तू उठलास त्या पावसाळ्यात अण्णांनी ती फांदी रोवली होती. तुझं पथ्य सुटलं ते शेवग्याच्या पाल्याच्या भाजीवर, आणि पुढच्या वर्षी त्याच झाडाच्या शेंगा. आपल्या घरात रोज कुठली भाजी होती? शेवगा होता. उन्हाळ्यात शेंग, पावसाळ्यात पाला, फुलांची भाजी अण्णांना आवडायची.

तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावू द्यायची नाही आई. पाहुणे दारात आले तरी नाही. झाड झोपलं, आता उद्या. तू खोडाला कान लावून उभा राहायचास. मी विचारायचे, काय ऐकतोस? तू बोटानं गप्प म्हणायचास. एकदा येऊन सांगितलंस, 'अक्का, ते घोरत न्हाई, पन झोपलंय.' मी अजून वर्गात हे सांगते. कुणाचं आहे ते सांगत नाही.

आता तेच झाड बोकडाला पोसतं आहे. दुसरं हिरवं काही उरलेलं नाही. आई रोज एक फांदी उतरवते, दिवस मावळायच्या आत. कोयता लावायच्या आधी खोडाला हात लावून काहीतरी पुटपुटते. फांदी कुठली ते मी दाखवते, ती तोडते. तिला हल्ली उन्हाचा त्रास होतो.

सहादेव काल अंगणात उभं राहून म्हणाला, माणसाला भाकर न्हाई अन् पिराच्या बोकडाला ताजा पाला. आई म्हणाली, तुझ्या ताटातला देते का? तो म्हणाला, गोरक्षाला बोलवा हितं, अन् मिलोची भाकर खाऊ घाला, मग जीव कशात असतो ते त्याला कळंल. रेशनला ती तांबडी मिलो ज्वारी येते. भाकरी थापताना तुटते आणि खाताना तुटत नाही. सहादेव वाईट नाही. त्याचे बैल छावणीत आहेत आणि तो रोज त्यांना बघायला जातो. बैलांना बघून आला की असा बोलतो.

तू उपदेश घेऊन घरी आलास तो दिवस मला वारंवार आठवतो. आईनं आधीच सगळी भांडी राखेनं घासून विस्तवावर धरली होती. नवा तवा आणला होता. आपल्या घरात वशाट, मटण-मासळी, कधी चुलीवर चढलं नाही. अंगणात तीन दगड मांडायचे, वेगळं पातेलं, ते पातेलंसुद्धा गोठ्याच्या कुडात अडकवलेलं. तुला हे माहीत होतं. तरी तू तुझा कटोरा घेऊन शेवग्याखाली बसलास आणि बाहेरून आणलेलं खाल्लंस. आई दारातून बघत होती. ती मला इतकंच म्हणाली, झाडाखाली बसलाय, बरं झालं, सावली हाय.

मी स्वतः तुझे दाजी गेल्यापासून वशाट खात नाही. व्रत म्हणून नाही. एकटीसाठी तीन दगड कोण मांडणार.

अक्का


तिसगाव
१९ डिसेंबर १९७२

गोरक्ष,

हे हुरड्याचे दिवस. यंदा ज्वारी उगवलीच नाही, तरी हवा तीच आहे. सकाळी शाळेत जाताना नाकाला भाजल्या कणसाचा वास आल्यासारखा वाटतो. बघितलं तर कुणीतरी कचरा पेटवलेला असतो.

मळ्यातली ती आगटी आठवते का? अण्णा गोवऱ्या रचायचे, कणसं राखेत खुपसायची, आणि आई तळहातावर चोळून फुंकर मारायची. तिचे हात लाल व्हायचे. पहिली मूठ तुला. एका वर्षी तू ती तोंडात टाकली नाहीस. दाणा दाबून बघितलास, आत ओलं निघालं. विचारलंस, हे काय? आई म्हणाली, दूध. तू विचारलंस, कुनाचं? आई म्हणाली, 'त्याचंच. ल्हान हाय अजून.'

तू मूठ उघडलीस आणि एकेक दाणा परत कणसावर बसवायला लागलास.

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. ह्ये पोरगं उपाशी मरंल म्हणाले. तू रडायला लागलास. आईनं तुला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, 'खा. तू खाल्लंस की ते तुझ्यात मोठं हुतं.' तू खाल्लंस. मग कितीतरी दिवस शेवग्याला पाठ लावून तू उंची बघायचास.

सगळ्यांना आम्ही सांगत आलो की गोरक्षाचं मन बोकडापासून फिरलं, खंडोबाच्या जत्रेत कापताना त्यानं बघितला म्हणून. मला वाटतं ते हुरड्यापासून फिरलं. मग तू बोकडापाशी येऊन थांबलास. दाण्यापर्यंत परत का गेला नाहीस? टोमणा नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे. सवड झाली तर लिही.

फक्रुद्दीनचाचा आले होते. चाचा गावचे मुलानी, कंदुऱ्यांवर सुरी त्यांचीच चालते, आपल्याकडे कुणी स्वतः कापत नाही, पण आता त्यांचा हात थरथरतो. बोकड चांगला वाढलाय. तो शिंगं खाली करून त्यांच्या अंगावर गेला. चाचा ओट्यावर चढून म्हणाले, 'चांगुणावैनी, लवकर काय ते करा. न्हाईतर ह्योच मला कापून कंदुरी करील.' आई हसली नाही. मग चाचांनी हळूच काढलं, की पीरसाहेबाला मलिदासुद्धा चालतो. चपात्या, गूळ, कुस्करून चढवायचा. पोराचंबी मन ऱ्हाईल, नवसबी फिटंल. कित्येक लोक करतात.

आई बराच वेळ बोकडाच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, 'भाऊ, मी बोकड बोलले. गूळ न्हाई बोलले. पोराचा ताप अर्धाच उतरला हुता का?'

चाचा उतरून निघून गेले. जाताना मला म्हणाले, वैनीला डोळ्याच्या डॉक्टरकडं ने. मी म्हटलं नेते. हे तुला लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. आईनं बजावलं आहे की माझ्या डोळ्यांचं त्याला कळवू नको, मग तो दयेनं यील, तसलं येनं मला नको. मोतीबिंदू आहे. नगरला दाखवलं. एक गेला आहे, दुसऱ्याला अजून सावल्या दिसतात. चिंतेचं कारण नाही असं डॉक्टर म्हणाले. शेवटच्या वाक्यावर माझा विश्वास नाही.

तिला माणसं आवाजावरून कळतात. बोकड कानाच्या कात्रावरून कळतो. तुझा आवाज तिनं सात वर्षं ऐकलेला नाही.

अक्का


तिसगाव
२३ फेब्रुवारी १९७३

गोरक्ष,

तुझं उत्तर आलं. लिहितोस, देह आहे तोवर काही ना काही खावं लागणार. मग ज्यात कमी हिंसा ते खावं, आणि तेही मागून, म्हणजे आपल्यासाठी म्हणून काही मारलं जात नाही. दाण्याचा प्रश्न सुटला नाही, तो बाजूला ठेवून चालतोस. हे प्रामाणिक आहे. मी आईला वाचून दाखवलं. ती हं म्हणाली. पटल्यावर ती असंच म्हणते.

पण मग दुसरी गोष्ट कळली.

गेल्या आठवड्यात फक्रुद्दीनचाचा लेकीकडे गेले होते. इथून दोन तासांची वाट. तिथे त्यांनी तुला पाहिलं. तुम्ही चौघं-पाच जण पुढे कुठेतरी निघाला होता. तू एका शेतकऱ्याच्या दारात कटोरा धरून उभा होतास. बाईनं मिलोची अर्धी भाकर आणि वर काहीतरी कोरड्यास घातलं. तू बाजूला जाऊन दगडावर बसून खाल्लंस. चाचांनी हाक मारली नाही. म्हणाले, 'जेवत्या मानसाला काय हाका मारायच्या?' मग म्हणाले, लई वाळलाय.

मी तुला दोष देत नाही. आपल्या गावात, आपल्या माणसांच्या दारात भिक्षा मागायची नाही हा तुमचा नियम असेल. फक्त एक विचारते. त्या बाईच्या पातेल्यात आदल्या दिवशी काय शिजलं होतं, ते विचारलं होतंस का?

आईला हे सांगितलं नाही. पण चाचांनी सांगितलं असावं, कारण त्या दिवसापासून ती भाकरी करताना एक जास्त करते. चुलीच्या उबेवर पालथी झाकून ठेवते. दुसऱ्या दिवशी बोकडाला घालते.

शेवग्याचं तू पुन्हा विचारलं आहेस. यंदा मोहर कमी होता. पुढच्या पत्रात लिहीन.

अक्का


तिसगाव
१५ एप्रिल १९७३

गोरक्ष,

दोन पत्रं लिहून फाडली. हे टाकणार आहे.

शेवगा जाणार. फेब्रुवारीत तुला लिहिलं तेव्हा तो होता. मोहर कमी होता हे खरं होतं, पण वरच्या फांद्याच उरल्या नव्हत्या तर मोहर कुठे येणार? ते लिहिलं नव्हतं. आता पुढचं लिहिते.

होळीनंतर ऊन वाढलं. गोठ्याच्या छपराचं पाचट आम्ही शेळीला घातलं होतं, त्यामुळे गोठ्यात सावली नव्हती. आईनं बोकड शेवग्याला बांधला. जी काय सावली होती ती तिथेच. चांगला लांब दोर ठेवला, त्याला फिरता यावं म्हणून. समोर दोन फांद्या टाकल्या. आणि स्वतः शेजारी गोणपाटावर बसली, त्याला सोबत म्हणून. मी शाळेत होते.

संध्याकाळी आले तेव्हा ती तशीच बसलेली. मला म्हणाली, आज पोटभर खाल्लं बघ त्यानं, दिसभर कुरतडत हुता.

दोन्ही फांद्या तशाच पडलेल्या होत्या, पाला सुकून गेलेला. बोकडानं खोडाची साल खाल्ली होती. त्याची मान पुरेल तिथवर, सगळीकडून. आतलं पांढरं दिसत होतं, ओलं. शेवग्याची साल मऊ, तुला माहीत आहे, आपण नखानं नावं काढायचो.

मी खोडापाशी थांबले. आई म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. ती उठली. झाडापाशी गेली. खोडाला हात लावला, मग दुसरा. वाटोळी फिरली, एक फेरा पूर्ण, हात न उचलता. साल कुठे सापडते का बघत होती. मग हाताचा वास घेतला.

ती रडली. अण्णा गेले तेव्हा चार बायकांत रडली होती. ही एकटी रडली, आणि दिवस मावळेपर्यंत. शेवटी मला म्हणाली:

'मी हाताच्या अंतरावर हुते, बनू. ते वरडलं असतं तर मला ऐकू आलं असतं.'

गोरक्ष, मी शाळेत शिकवते, वनस्पतींना जीव असतो. पुस्तकात एक रोपट्याचं चित्र आहे. पोरं पाठ करतात, मी खूण करते. त्या दिवसानंतर तो धडा मी वाचून दाखवला नाही. मुलांना म्हटलं, घरी वाचा.

सहादेव आला. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. त्यानं शेण आणि माती कालवून खोडाला लेप दिला, वर गोणपाट गुंडाळलं. जाताना बोकडाला एक लाथ घालायला पाय उचलला आणि नुसताच खाली ठेवला. म्हणाला, मुकं जनावर, त्याचं काय चुकलं?

वरचा पाला पिवळा पडतो आहे. बोकड आता खुंट्याला बांधतो. तुझ्या सांगण्यावरून आपण एक जीव राखला. त्यासाठी दुसरा गेला. मी तुझ्यावर हे टाकत नाही. कुणावर टाकायचं ते मला कळत नाही, म्हणून तुला लिहिते. पूर्वी मला काही कळलं नाही की मी तुलाच विचारायचे, आणि तू लहान असून काहीतरी सांगायचास.

आईनं नवसाचं बोलणं सोडलं आहे.

अक्का


तिसगाव
२६ मे १९७३

गोरक्ष,

परवा गुरुवारी कंदुरी झाली.

हे वाचून पत्र खाली ठेवू नकोस. पुढे वाच.

शेवग्याचा शेवटचा पाला गळायला लागला तशी आईनं मला फक्रुद्दीनचाचांना बोलवायला पाठवलं. चाचा सुरी कमरेला लावूनच आले. त्यांना वाटलं, अखेर ठरलं. बोकड त्यांना बघून उठला. आई म्हणाली, त्याला बसू द्या. झाड तोडायचं हाय.

चाचा म्हणाले, झाड तोडायला मुलानी कशाला? सहादेव तोडील.

आई म्हणाली, न्हाई. हीच कंदुरी.

चाचा ओट्यावर बसले. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, 'वैनी, राग नका मानू. मलिद्याला तुमी न्हाई म्हनाला. अन् झाडाला व्हय म्हनता?'

'मलिदा बाजारात इकत मिळतो, भाऊ. ह्यो शेवगा मला कुठं मिळायचा?'

'तुमी बोकड बोलला हुता.'

'जीवाला जीव बोलले हुते. जीव गेला. मुक्यानं गेला म्हनून तो कमी भरत न्हाई.' मग म्हणाली, 'अन् बोकड कुठं येगळा हाय? सगळं झाड त्याच्याच पोटात हाय.'

चाचा खाली बघत होते. सहादेव दारात येऊन उभा राहिला होता. मला वाटलं, चाचा आता नाही म्हणणार, त्यांच्या धर्मात हे बसत नसेल. ते म्हणाले, बिस्मिल्ला तर कुठल्याबी कामाआधी म्हनतातच. कुऱ्हाड आना.

सुरी कमरेची काढून त्यांनी ओट्यावर ठेवली. आईनं बोकडाचा दोर धरला आणि झाडासमोर उभी राहिली, जशी कंदुरीला नवसकरीण उभी राहते. चाचांनी टोपी सारखी केली, ओठ हलवले, आणि पहिला घाव घातला. थरथरता हात, तरी घाव नेमका पडला. साल गेलेलं पांढरं होतं त्याच्या खाली, जिथे लेपाखाली थोडी साल शिल्लक राहिली होती तिथे. मुद्दाम की सहज, ते मी विचारलं नाही. उरलेले घाव सहादेवानं घातले.

मी तीन दगड आणले. आईनं ते अंगणात मांडू दिले नाहीत. म्हणाली, ह्ये आपल्या चुलीवरचं हाय. चुलीत शेवग्याचं लाकूड घातलं. पण त्याला जळण म्हणून काय किंमत, धुमसतं नुसतं. घरभर धूर. मी, सहादेवाची बायको छबूबाई, चाचांची मेहताबचाची, सगळ्यांचे डोळे गळत होते. सहादेव म्हणाला, कंदुरीला असं रडताना मी गाव पयल्यांदा बघतोय. मेहताबचाची म्हणाल्या, गप बस, फुंकनी घे. शेवटच्या पाल्याची भाजी केली, सुकलेला होता म्हणून भिजवून. मिलोच्या भाकरी. टेकडीवर जाऊन चाचांनी फातेहा दिला.

मग पान मांडायची वेळ आली. पहिला घास ज्याच्यासाठी नवस त्याचा. आईनं तुझं ताट वाढलं. तू आलास तेव्हा आणलेला तोच नवा तवा, त्याच्यावरची पहिली भाकर. ते ताट तिनं जिथे झाड होतं तिथे, खुंटाशेजारी नेऊन ठेवलं. चाचपडत गेली, मी हात धरायला गेले तर नको म्हणाली. येऊन ओट्यावर बसली. सगळे बसून राहिले. भाजी निवत होती. कुणी जेवेना. मी रस्त्याकडे बघत होते. तू येणार नाहीस हे ठाऊक असून बघत होते.

बोकडानं दोर सोडवून घेतला. सरळ ताटापाशी गेला आणि खायला लागला.

सहादेव हाड हाड करत उठला. आईनं विचारलं, काय झालं? मी सांगितलं. ती कान देऊन ऐकत राहिली. कुरतडल्याचा आवाज येत होता.

'खाऊ दे,' ती म्हणाली. 'वरीसभर गोरक्षाच्या जागी त्योच उभा हुता.'

आणि हसली, गोरक्ष. तोंडाला पदर लावून, हुरड्याच्या आगटीपाशी अण्णा हसले होते तशी, ठसका लागेपर्यंत. मग चाचा हसले. मग आम्ही जेवलो. भाजी कडू झाली होती, धुरकट. मी दोनदा घेतली. खाताना आईचं हुरड्याच्या वेळचं ते वाक्य मला आठवलं, आणि मी वयानं एवढी मोठी बाई, मनात म्हटलं, ये, माझ्यात मोठा हो.

बोकड पिराचा आहे, तो आता आपल्या मरणानं मरेल. सकाळी टेकडीवर जातो, संध्याकाळी परत येतो. आई त्याच्या कानाचं कात्र चाचपून बघते आणि आत घेते. दुसऱ्या डोळ्याला अजून उजेड आणि अंधार एवढं कळतं. दारात कुणी उभं राहिलं की उजेड अडतो, तेव्हा ती विचारते, कोण? विचारल्यावर लगेच बोल. थांबू नकोस.

आपल्या दारात भिक्षा मागू नकोस, तुझा नियम आहे. शेवग्याच्या खुंटावर बस, तिथे सावली नाही, पण जागा तीच आहे. मी बाहेर आणून देईन.

तुझं पहिलं कार्ड कोनाड्यात आहे. आज मी ते काढून पुन्हा वाचलं. बोकड जिवंत आहे. तू लिहिलंस त्याप्रमाणे तुला अजून आई आहे.

अक्का